किल, मर्डर, होमिसाइड, मॅसकर: सगळ्यांना ‘हत्या’ लावून भागतं का?

भाषांतर_चालू (प्रश्न)

इंग्रजी बातम्या आणि माहितीपटांचं मराठी करताना मारण्याच्या शब्दांपाशी हमखास गाडी अडते. किल, मर्डर, होमिसाइड, मॅनस्लॉटर, स्ले, असॅसिनेट, एक्झिक्यूट, स्लॉटर, मॅसकर, जेनोसाइड. शब्दकोशात निम्म्यांपुढे ‘हत्या’ आणि उरलेल्यांपुढे ‘कत्तल’ असतं. तेवढ्यावर काम उरकलं तर वाक्य वाचायला बरं वाटतं, पण मूळ लेखक जे बोललाच नव्हता ते मराठीत शिरतं असा दाट संशय आहे.

विचारायचं ते असं. किल, मर्डर आणि होमिसाइड यांच्यातला फरक तीव्रतेचा की आणखी कसला? अमेरिकी बातम्यांतल्या ‘थर्ड डिग्री मर्डर’ला मराठीत काय म्हणायचं? असॅसिनेट फक्त राजकारण्यांनाच लागतं का? आणि मॅसकर म्हणायला किमान किती माणसं मेलेली असावी लागतात?

मुळाक्षर

ही तीव्रतेची शिडी आहे हे आधी डोक्यातून काढून टाका. यातला प्रत्येक शब्द वेगळा दावा करतो: मारलं कोणी, कोणाला, कोणत्या हेतूने, कोणत्या अधिकाराने, आणि हे सिद्ध झालंय की नाही. मूळ वाक्य यातलं काय ठामपणे सांगतंय आणि कशावर गप्प आहे, ते पाहायचं आणि तेवढंच मराठीत आणायचं.

किल सगळ्यात कमी बोलतो. जिवंत काहीतरी मेलं आणि त्याला अमुक कारण झालं, एवढंच. म्हणून त्याचा कर्ता माणूसच हवा असं नाही. पूर, विजेची तार, ताप, वाघ, गोळी, थंडी, काहीही चालतं. मराठीत मात्र ‘पुराने चाळीस जणांना मारलं’ हे कानाला खटकतं. आपण ‘पुराने चाळीस बळी घेतले’ किंवा ‘पुरात चाळीस जण मृत्युमुखी पडले’ म्हणतो. कर्मणी रूपाचं तर फार वाटोळं होतं. ‘वॉज किल्ड इन ॲन ॲक्सिडेंट’ याचं ‘अपघातात मारला गेला’ असं सर्रास छापतात. आपल्याकडे ‘मारला गेला’ म्हटलं की कोणीतरी मारणारा मनात उभा राहतो. ‘अपघातात ठार झाला’ हे सरळ आणि बरोबर.

मर्डर एका दमात चार गोष्टी म्हणतो: मारणारा माणूस, मरणारा माणूस, मारणं बेकायदा, आणि हेतू दुष्ट. यातली एक जरी गोष्ट ठाऊक नसेल तरी तो शब्द घाईचा ठरतो. वाघ माणसाला किल करतो, मर्डर करत नाही. कुत्र्याला कोणी विष घातलं आणि लेखकाने त्याला मर्डर म्हटलं, तर तो आपला संताप सांगतोय. तो संतापही भाषांतरात यायला हवा.

होमिसाइड हा शब्द लॅटिनमधला. होमो म्हणजे माणूस आणि केडेरे म्हणजे कापणे, ठार करणे. अर्थ इतकाच की एका माणसाच्या हातून दुसऱ्या माणसाचा मृत्यू झाला. गुन्हा झाला की नाही याबद्दल तो काहीच बोलत नाही. अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचा प्रकार लिहितात, त्याचे ठरलेले पर्याय असतात: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, होमिसाइड आणि अनिश्चित. स्वतःचा जीव वाचवताना कोणी हल्लेखोराला गोळी घातली, तरी दाखल्यावर होमिसाइडच येतं. त्यामुळे ‘मेडिकल एक्झॅमिनरने मृत्यू होमिसाइड ठरवला’ याचं ‘शवविच्छेदनात खून झाल्याचं उघड’ असं मराठी केलं की बातमी खोटी होते. ‘मृत्यू दुसऱ्या व्यक्तीच्या कृतीमुळे झाल्याचा निष्कर्ष’ असं लिहा. लांब होतं, होऊ द्या. एकाच शब्दात हवं असेल तर ‘मनुष्यवध’.

पायरी_कोर्टाची

कायद्याच्या बाजूने भर घालतो, कारण मॅनस्लॉटरपाशी सगळेच घसरतात.

इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यात बेकायदा मनुष्यवधाचे दोन मोठे भाग पडतात, मर्डर आणि मॅनस्लॉटर. मर्डरसाठी जीव घेण्याचा किंवा गंभीर शारीरिक इजा करण्याचा उद्देश लागतो. दुसरा अर्धा भाग बऱ्याच जणांना माहीत नसतो. फक्त हाडं मोडायच्या इराद्याने मारलं आणि माणूस मेला, तरी तिथे तो मर्डर होतो. आधीपासून कट रचलेला असणं गरजेचं नाही. म्हणून इंग्लंडमधल्या प्रत्येक मर्डरला ‘पूर्वनियोजित खून’ म्हणणं चूक.

मॅनस्लॉटरचेही दोन प्रकार. व्हॉलंटरीमध्ये मर्डरचा उद्देश असतोच, पण कायदा काही कारणांनी दोष कमी धरतो, उदाहरणार्थ मानसिक स्थितीमुळे घटलेली जबाबदारी किंवा विशिष्ट परिस्थितीत सुटलेला ताबा. इन्व्हॉलंटरीमध्ये तो उद्देशच नसतो. धोकादायक बेकायदा कृत्य किंवा ढोबळ हलगर्जीपणा, आणि त्यातून मृत्यू. यावरून कळेल की मॅनस्लॉटरचं सरसकट ‘अनवधानाने झालेला मृत्यू’ असं भाषांतर का चालत नाही. व्हॉलंटरीमध्ये तर मारणाऱ्याला मारायचंच असतं.

मराठीत जवळचा शब्द ‘सदोष मनुष्यवध’. तो घडला आपल्या दंड संहितेतल्या ‘कल्पेबल होमिसाइड’साठी, जुन्या संहितेचं कलम २९९, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १००. १८६० च्या त्या संहितेत मॅनस्लॉटर हा शब्दच नाही. शिवाय आपल्याकडे सदोष मनुष्यवध हे मोठं वर्तुळ आणि खून हा त्याच्या पोटातला भाग. म्हणून अचूक लिहायचं तर ‘खुनाच्या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध’. इंग्लंडमध्ये ही दोन वेगळी खोकी आहेत. बातमीत ‘सदोष मनुष्यवध’ चालतं. न्यायालयीन कागद असेल तर ‘मॅनस्लॉटर’ तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात अर्थ द्या. स्कॉटलंडचा कायदा वेगळा. तिथे मॅनस्लॉटर नाहीच, ‘कल्पेबल होमिसाइड’ आहे. कंपन्यांच्या हलगर्जीबद्दलच्या २००७ च्या ब्रिटिश कायद्याच्या नावात कॉर्पोरेट मॅनस्लॉटर आणि कॉर्पोरेट होमिसाइड असे दोन्ही शब्द आहेत ते याचमुळे. दुसरा शब्द स्कॉटलंडपुरता.

आता डिग्री. खुनाच्या पायऱ्या पाडायची पद्धत अमेरिकेतली, १७९४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झाली. फर्स्ट डिग्री सर्वात गंभीर, म्हणजे क्रम उतरता. साधारणपणे विचारपूर्वक आखून केलेला खून फर्स्टमध्ये, तसा नसलेला सेकंडमध्ये. व्याख्या राज्यागणिक बदलते आणि थर्ड डिग्री मोजक्याच राज्यांत आहे. मिनेसोटात आहे. तिथल्या जॉर्ज फ्लॉइड प्रकरणात (पोलिसांच्या हातून झालेला मृत्यू) २०२१ मध्ये पोलीस अधिकाऱ्यावर तीन आरोप सिद्ध झाले: सेकंड डिग्री मर्डर, थर्ड डिग्री मर्डर आणि सेकंड डिग्री मॅनस्लॉटर. म्हणजे मॅनस्लॉटरच्याही डिग्र्या असतात.

‘थर्ड डिग्री’ तसंच ठेवलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पोलीस कोठडीतली मारहाण येते. ‘थर्ड डिग्री देऊन खून’ असा अर्थ लावणारे वाचक खरोखर निघतील. म्हणून ‘तिसऱ्या श्रेणीचा खून’ लिहा, आणि पहिली श्रेणी सर्वात गंभीर हे एकदा सांगून टाका. ‘तृतीय दर्जाचा खून’ नको, दर्जा म्हटलं की गुणवत्तेचा वास येतो.

उपसंपादन

बातमीच्या टेबलावरून.

अमेरिकेत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा दंडक आहे: न्यायालयात दोष सिद्ध होईपर्यंत मृत्यूला मर्डर म्हणायचं नाही. तोवर किलिंग किंवा होमिसाइड. आरोप लागला असेल तर ‘चार्ज्ड विथ मर्डर’ म्हणता येतं, कारण ते आरोपाचं नाव आहे. ब्रिटनमध्ये पोलिसच तपासाला ‘मर्डर इन्क्वायरी’ म्हणतात, त्यामुळे तिकडच्या बातमीत शब्द लवकर येतो. पण संशयिताला ‘मर्डरर’ मात्र दोन्हीकडे म्हणत नाहीत. मराठीत ‘खुनी पकडला’ हा मथळा अटकेच्या दिवशीच पडतो आणि निकालाआधीच माणूस दोषी ठरतो. ‘खुनाच्या आरोपावरून अटक’ लिहायला एक शब्द जास्त लागतो, तो द्यावा.

क्रियापदांच्या मागून येणारी ऑफ, विथ यांसारखी शब्दयोगी अव्ययंही पाठ हवीत, नाहीतर वाक्याची पायरी चुकते. अरेस्टेड ऑन सस्पिशन ऑफ म्हणजे संशयावरून अटक. चार्ज्ड विथ म्हणजे रीतसर आरोप ठेवला. अक्यूज्ड ऑफ म्हणजे कोणीतरी आरोप केला, तो न्यायालयात गेला असेलच असं नाही. कन्व्हिक्टेड ऑफ म्हणजे दोष सिद्ध. अक्विटेड ऑफ म्हणजे निर्दोष सुटका. ‘चार्ज्ड’चं ‘दोषी’ झालेलं मराठीत कितीदा तरी दिसतं.

असॅसिनेटबद्दल. हा शब्द अरबीतून, मध्ययुगातल्या निझारी इस्माइली पंथीयांना विरोधकांनी दिलेल्या नावावरून युरोपात गेला. इराणमधला अलामूतचा किल्ला त्यांचं केंद्र, आणि मोठ्या राज्यकर्त्यांना, सरदारांना योजून ठार करण्याबद्दल त्यांची ख्याती. ते वजन शब्दात अजून आहे: बळी नामवंत, हल्ला अचानक पण आखलेला, आणि कारण बहुधा राजकीय किंवा धार्मिक. लिंकन १८६५, सारायेवोत आर्चड्यूक फ्रांझ फर्डिनांड १९१४, केनेडी १९६३, हे निर्विवाद असॅसिनेशन. राजकारणीच हवा असं नाही. मार्टिन ल्यूथर किंग कोणत्याही पदावर नव्हते, पण १९६८ च्या त्यांच्या मृत्यूला दुसरा शब्द कोणी वापरत नाही. जॉन लेननच्या १९८० मधल्या मृत्यूला काही जण असॅसिनेशन म्हणतात, बरेच जण मर्डर, कारण माणूस जगप्रसिद्ध असला तरी राजकीय हेतू स्पष्ट नाही. इथे मराठी ‘हत्या’ अगदी चपखल बसते. म्हणूनच ती इतरत्र उधळू नये. गल्लीतल्या भांडणात मेलेल्याचा ‘खून’ आणि नेत्याची ‘हत्या’ हा भेद आपल्या वापरात आहेच, तो जपावा.

एक्झिक्यूट म्हणजे आदेश अमलात आणणे. आधी शिक्षा एक्झिक्यूट होत असे, मग ज्याला शिक्षा झाली तो माणूसच एक्झिक्यूट होऊ लागला. त्यामुळे या शब्दात अधिकार गृहीत आहे. एखाद्या टोळीने ओलिसाला गोळी घातली आणि बातमीने ‘एक्झिक्यूटेड’ म्हटलं, तर नकळत टोळीला न्यायालयाचा मान मिळतो. चांगल्या वृत्तसंस्था तिथे ‘किल्ड’ वापरतात. मराठीत ‘देहदंड दिला’ किंवा ‘मृत्युदंडाची अंमलबजावणी’ फक्त न्यायालयीन शिक्षेला, बाकी ‘ठार मारलं’. प्रत्येक एक्झिक्यूशन ‘फाशी’ नसतं, हेही लक्षात ठेवा. विषारी इंजेक्शन असेल तर फाशी लिहून चालणार नाही.

स्ले हा जुना शब्द, पण अमेरिकी मथळ्यांत जिवंत आहे. तो आखूड आहे आणि मर्डरसारखा निकाल देत नाही, म्हणून ‘स्लेन ऑफिसर’, ‘स्लेइंग’ असं दिसतं. ब्रिटनमध्ये तो कथापुराणातला वाटतो, ड्रॅगन मारणाऱ्या वीराचा. रूपं स्ले, स्लू, स्लेन. तरुणांच्या बोलीत ‘स्ले’ म्हणजे छाप पाडणं, आणि त्या अर्थाने भूतकाळ बहुधा ‘स्लेड’ होतो. समाजमाध्यमावरच्या अशा वाक्याला ‘ठार केलं’ लावू नका.

भाषांतर_चालू

खूप उपयोगी पडलं. सामूहिक मृत्यूंच्या शब्दांचं मात्र अजून राहिलंय. आणि एक नवी शंका: ‘शॉट’ म्हणजे मेलाच ना?

उपसंपादन

नाही. शॉट म्हणजे गोळी लागली, ‘शॉट डेड’ म्हणजे मेला. स्टॅब्ड म्हणजे भोसकलं, ‘स्टॅब्ड टू डेथ’ म्हणजे भोसकून ठार. ‘शॉट टू डेड’ असं इंग्रजी नसतं. ‘स्ट्रँगल’ बहुधा मृत्यूपर्यंत नेतो, म्हणून ‘स्ट्रँगल्ड टू डेथ’ जाणकारांना पुनरुक्ती वाटते. ‘थ्रॉटल’ आणि ‘चोक’मध्ये माणूस वाचू शकतो. ‘इलेक्ट्रोक्यूट’ हा इलेक्ट्रो आणि एक्झिक्यूट यांचा जोड, विजेच्या खुर्चीच्या वेळी घडलेला. ती खुर्ची न्यूयॉर्क राज्यात १८९० मध्ये प्रथम वापरली. आता शॉक लागून मेलेल्यालाही तो शब्द लागतो. नुसता शॉक बसून वाचला असेल तर जपून लिहिणारे तो टाळतात.

मुळाक्षर

आकड्याचा प्रश्न. मॅसकरला किमान आकडा नाही. दोन गोष्टी लागतात: बळी अनेक, आणि त्यांना प्रतिकाराची संधी नाही. एकट्या माणसाला मॅसकर करता येत नाही. सशस्त्र सैन्याशी लढताना हजार सैनिक पडले तरी ते मॅसकर नव्हे. तेच हजार शस्त्रं खाली ठेवल्यावर मारले तर होय.

एक प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. ५ मार्च १७७० ला बॉस्टनमध्ये चिडलेल्या जमावावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले. वसाहतीतल्या लोकांनी त्याला मॅसकर म्हटलं, पॉल रिव्हिअरने त्याच नावाने चित्र छापून विकलं, आणि आजही ते ‘बॉस्टन मॅसकर’च आहे. ब्रिटिश बाजूने त्याला ‘किंग स्ट्रीटवरची घटना’ म्हटलं जातं. खटला मर्डरचा भरला. सैनिकांचे वकील होते जॉन ॲडम्स, जे पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. आठ सैनिकांपैकी सहा सुटले आणि दोघे दोषी ठरले, तेही मॅनस्लॉटरचे. म्हणजे त्याच पाच मृत्यूंना रस्त्यावर मॅसकर, आरोपपत्रात मर्डर, निकालात मॅनस्लॉटर आणि साम्राज्याच्या तोंडी घटना. तिन्ही गंभीर शब्द एकाच वेळी वापरात होते, फक्त बोलणारा बदलत होता. असा मजकूर मराठीत आणताना कोणाचं म्हणणं चाललंय ते बघूनच ‘हत्याकांड’ लिहायचं.

स्लॉटर मुळात खाटीकखान्याचा शब्द. नॉर्स भाषेतून आला, तिथे त्याचा अर्थ कापलेल्या जनावराचं मांस. जनावरांच्या बाबतीत तो आजही निव्वळ धंद्याचा, निर्विकार शब्द आहे. माणसांना लावला की ‘जनावरांसारखं कापलं’ हा अर्थ येतो. आपली ‘कत्तल’ इथे दोन्हीकडे चालते, कत्तलखाना आणि माणसांची कत्तल. कार्नेज हे दृश्याचं नाव. लॅटिनमध्ये मांसाला जो शब्द आहे त्यातून आलेलं, आणि त्याचं क्रियापद होत नाही. ‘रक्ताचा सडा’ हे त्याच्या जवळ जातं. रस्त्यावरच्या भीषण अपघातांनाही तो लावतात, तिथे ‘कत्तल’ लिहिलं की अनर्थ.

जेनोसाइड मात्र पूर्णपणे कायद्याचा शब्द आहे आणि त्याचा जनक माहीत आहे. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने तो १९४४ मध्ये छापील स्वरूपात मांडला: ग्रीक ‘जेनोस’ म्हणजे वंश, आणि पुढे होमिसाइडमधलाच ‘साइड’. ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी करार मंजूर केला. त्यात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाला संपूर्ण वा अंशतः नष्ट करण्याचा उद्देश ही अट आहे. राजकीय गट त्यात नाहीत. आणि ठार मारणं हा पाच प्रकारांपैकी एकच. जन्म रोखणं आणि मुलं जबरदस्तीने दुसऱ्या गटात नेणं हेही त्यात मोडतं. म्हणून याला ‘नरसंहार’ म्हणू नका. तो शब्द मोठ्या मॅसकरचा. ‘वंशसंहार’ लिहा. उलट, मूळ लेखकाने विचारपूर्वक मॅसकर म्हटलं असेल आणि मराठीत वंशसंहार केलात, तर त्याच्या तोंडी फार मोठा आरोप घातलात.

पायरी_कोर्टाची

लिंच राहिला. जमावाने स्वतःच न्यायाधीश होऊन मारणं हा त्याचा गाभा, फाशी आवश्यक नाही. अमेरिकेत तो केंद्रीय कायद्यात स्वतंत्र गुन्हा व्हायला २०२२ साल उजाडलं. मराठीत ‘झुंडबळी’ रुळलाय, पण ते नाम आहे. क्रियापद हवं असेल तर ‘जमावाने ठार मारलं’. आणि फाशीचाच विषय आहे तर: माणूस ‘हँग्ड’, चित्र ‘हंग’.

मुळाक्षर

मराठीच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती गोंधळाच्या मुळाशी आहे. स्लेचा जुना अर्थ होता तडाखा देणे. जर्मन ‘श्लागेन’ आजही मारहाण याच अर्थाचा. तडाख्यापासून मृत्यूपर्यंत शब्द सरकला. आपला ‘हत्या’ही तसाच, ‘हन्’ म्हणजे प्रहार करणे. पण ‘मारणे’ उलट्या दिशेने आला. तो ‘मृ’चा प्रयोजक, म्हणजे मरायला लावणे, आणि नंतर नुसत्या चापटीपर्यंत सौम्य झाला. म्हणून ‘त्याने भावाला मारलं’ यातून भाऊ जिवंत आहे की नाही ते कळत नाही. किलसाठी नुसतं ‘मारलं’ कधी लिहू नये, ‘ठार’ किंवा ‘जिवे’ जोडावंच. आणि मर्डर त्याच ‘मृ’च्या कुळातला, आपल्या ‘मरण’चा लांबचा भाऊ.

‘वध’बद्दल सावध. कंसवध, रावणवध या वापरांमुळे त्याला समर्थनाचा रंग चढलाय. ड्रॅगनच्या स्लेइंगला तो शोभतो. ‘गांधीहत्या’ आणि ‘गांधीवध’ यांत बोलणारा कुठे उभा आहे ते उघड होतं. कायद्यातला ‘मनुष्यवध’ हा एकच वापर निर्लेप राहिला आहे.

भाषांतर_चालू

शेवटचं एक. सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जॉर्ज मॉस्कोन आणि तिथले नगरसेवक हार्वी मिल्क यांच्यावरच्या मजकुरात एकाच परिच्छेदात ‘असॅसिनेशन’, ‘किलर’ आणि ‘व्हॉलंटरी मॅनस्लॉटर’ असे तीनही शब्द आहेत. एकसारखं करायचं का?

उपसंपादन

अजिबात नाही. २७ नोव्हेंबर १९७८ ला दोघांना नगरभवनातच गोळ्या घातल्या, म्हणून इतिहासात ते असॅसिनेशन: ‘हत्या’. गोळ्या घालणाऱ्या माजी सहकाऱ्याला १९७९ मध्ये ज्यूरीने मर्डरऐवजी व्हॉलंटरी मॅनस्लॉटरचा दोषी ठरवलं आणि त्या निकालावरून शहरात दंगल उसळली. तिथे ‘सदोष मनुष्यवध’च हवं, नाहीतर दंगल का झाली ते वाचकाला कळणार नाही. ‘किलर’साठी ‘खुनी’ नको, कारण खुनाचा दोष सिद्धच झाला नाही. ‘मारेकरी’ लिहा.